शांततेची दहा मिनिटं

"सर, हा नियम तुम्हीच शिकवलाय मला," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी अर्ज अलगद टेबलाच्या या बाजूला सरकवला. "एका दिवसाच्या मोजणीवर तक्रार दाखल करून घेता येत नाही. लागोपाठ तीन दिवस हवेत. रोज आवाजाची पाच मिनिटं, आणि लगेच त्याच जागेवरून शांततेची दहा मिनिटं."

काकांनी मान डोलावली. न डोलावून करतात काय? निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं ते आवाजाच्या तक्रारींच्या याच खोलीत, याच टेबलाच्या पलीकडे बसत होते. गिरणीचा, जनरेटरचा, शेजारच्या सुताराच्या करवतीचा आवाज सहन होत नाही म्हणून माणसं तावातावाने यायची, आणि काका त्यांना खुर्ची देऊन शांतपणे सांगायचे की आवाजाबरोबर शांतताही मोजायला हवी, नाहीतर वाढ किती झाली ते कळणार कसं? माणसं गप्प व्हायची. काही कायमची गप्प व्हायची, कारण तीन दिवस खुर्चीत बसून शांतता मोजायला वेळ कुणाला असतो.

"उद्यापासून सुरू करतो," काका म्हणाले.

"मीटर तपासून, सील लावून ठेवलाय. तुमचाच जुना." मॅडमनी कपाटातून पेटी काढली. या मॅडम काकांच्या हाताखाली शिकलेल्या. चारचौघांत काका त्यांना मॅडम म्हणत, एकटं असताना अगं-तुगं करत. "काकूंना कसं आहे आता?"

"आहे तसंच."

"झोप?"

"दुपारी लागते थोडी. लागायची," काका म्हणाले आणि पेटी उचलून निघाले.

गल्लीत त्यांना डेसिबलकाका म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ते इतकं चपखल बसलं होतं की टपालवालाही त्याच नावाने हाक मारायचा. मिक्सर लावला की काका आत येऊन आकडा सांगत. समोरच्यांचं कुत्रं भुंकलं की काका चहाचा कप तोंडाशी नेता नेता आकडा सांगत. "तुमच्या घोरण्याचा आकडा मात्र कधी सांगत नाही हो तुम्ही," असं काकू चारचौघांत म्हणायच्या, आणि काका गंभीरपणे उत्तर द्यायचे, "मोजणाऱ्याला जागं असावं लागतं."

गल्लीच्या टोकाला जो मोठा बंगला होता त्याच्या मालकाने सात महिन्यांपूर्वी हेलिकॉप्टर घेतलं. आधी सगळ्यांना मौज वाटली. माणसं गच्चीत जाऊन हात हलवायची, पाहुण्यांना मुद्दाम दुपारचं बोलवायची. आपल्या गल्लीत हेलिकॉप्टर उतरतं ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. मग खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली, दोरीवरचे कपडे धुळीने माखायला लागले, आणि ज्याला त्याला आपापलं डोकं दुखतंय हे जाणवायला लागलं. मालकाला लोक हवाईसाहेब म्हणू लागले. तोंडावर कुणी काही बोललं नाही. सगळे काकांकडे येऊन बोलून गेले. "तुम्हीच आता काहीतरी करा काका, तुम्हाला नियम माहीत," असं म्हणून प्रत्येकाने आपली जबाबदारी त्यांच्या खांद्यावर ठेवली आणि हलक्या अंगाने घरी गेला.

पण काकांनी मनावर घेतलं ते गल्लीसाठी नव्हे. काकूंचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी अमुक इतके दिवस असं सांगितलं नव्हतं, फक्त घरी न्या, जपा, असं म्हणाले होते, आणि त्याचा अर्थ दोघांनाही कळला होता. रात्री आडवं पडलं की काकूंचा श्वास अडायचा, म्हणून पाठीशी उशा लावून त्या बसून राहायच्या. दुपारी एक ते तीन एवढीच काय ती झोप. आणि दोन वाजून पाच मिनिटांनी हेलिकॉप्टर यायचं. काकू दचकून उठायच्या, छातीवर हात ठेवायच्या आणि मग दिवसभर तशाच टक्क जाग्या. मुलगी दूरच्या शहरात. ती फोनवर म्हणायची, "बाबा, तुम्ही त्या माणसाला जाऊन भेटा ना सरळ." काका म्हणायचे, भेटून काय होतं, नोंद हवी.

पहिल्या दिवशी काकांनी गॅलरीत तिपाई उभी केली. गॅलरी काकूंच्या खोलीला लागूनच होती, मधलं दार काकूंना वारा लागावा म्हणून उघडं. अंथरुणावरून काकूंना काकांची पाठ दिसायची आणि कठड्यावरचं थोडं आभाळ.

"मी बोलायचं नाही ना?" काकूंनी विचारलं.

"पंधरा मिनिटं. हेलिकॉप्टर असताना बोललीस तर एक वेळ चालेल, त्यात काही ऐकू जाणार नाही. नंतरच्या दहा मिनिटांत मात्र अजिबात नाही."

"खोकला आला तर?"

"दाब."

काकू हसल्या. "बेचाळीस वर्षं दाबतेच आहे," त्या म्हणाल्या. काकाही हसले, पण त्यांचं लक्ष मीटरच्या सुईवर होतं.

हेलिकॉप्टर आलं, गच्चीवरून खाली झुकत बंगल्याच्या हिरवळीवर उतरलं, पाती थांबली. काकांनी दुसरं बटण दाबलं आणि दहा मिनिटं शांतता मोजली. मोजणीचं हे अंग त्यांना मनापासून आवडायचं. हात मांडीवर, श्वास संथ, खुर्ची करकरता कामा नये. आपण आहोत हे मीटरला कळता कामा नये. खरं सांगायचं तर गेल्या तीन महिन्यांत एवढं निवांत त्यांना कधी वाटलं नव्हतं. काकूंच्या उशाशी बसलं की त्यांना काय बोलावं ते सुचायचं नाही. हात हातात घेतला की त्या हाताचं वजन कमी झालेलं कळायचं आणि ते काहीतरी निमित्त काढून उठायचे. इथे निदान करण्यासारखं काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी मोजणी संपवून काका आकडे उतरवत होते तेव्हा दारावरची घंटा वाजली. बाहेर हवाईसाहेबांचा वैमानिक उभा होता. साधा, मध्यमवयीन, टोपी हातात घेतलेला.

"वरून तुमची तिपाई दिसली," तो म्हणाला. "म्हटलं स्वतःच जाऊन बोलावं."

काकांनी त्याला काकूंच्या खोलीतच बसवलं, कारण दुसऱ्या खोलीत खुर्ची नव्हती. खुर्ची गॅलरीत होती.

"घरांवरून जाताना मी नियमाप्रमाणे हजार फूट ठेवतो काका. परवानगी दिवसाला एक उतरणं, एक उड्डाण. सूर्यास्तानंतर नाही. सगळं कागदावर आहे. पण उतरताना खाली यावंच लागतं ना. आणि पश्चिमेचा वारा असला की तुमच्या गच्चीवरून येण्यावाचून इलाज नसतो."

"आठवड्यात पाच दिवस वारा पश्चिमेचाच असतो," काका म्हणाले.

"असतो खरा."

"पण रोज दुपारीच कशाला यायचं म्हणते मी?" काकूंनी अंथरुणावरून विचारलं. "ऑफिसात जेवत नाहीत का तुमचे साहेब?"

वैमानिक जरा घुटमळला. टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"त्यांच्यासाठी नाही हो. त्यांच्या आईसाठी. म्हाताऱ्या झाल्यात, माणसं ओळखत नाहीत आता. फक्त साहेबांना ओळखतात. साहेब समोर बसले की चार घास खातात, नाहीतर ताट तसंच परत जातं. गाडीनं यायचं तर जाऊन येऊन चार तास मोडतात. म्हणून हे."

कुणी काही बोललं नाही. काकांनी मीटरचं झाकण लावलं.

"काय जेवतात त्या?" काकूंनी विचारलं.

"अगदी मऊ काहीतरी. साहेब स्वतः भरवतात. मी खिडकीतून पाहिलंय."

तो गेल्यावर काकूंनी पाठीमागची उशी सारखी केली. मग म्हणाल्या, "सोडून द्या ना हो."

"काय?"

"ती तक्रार. येऊ दे त्याला. म्हातारीला जेवू दे."

"आणि तुझी झोप?"

"मला काय, झोपायचंच आहे आता," काकू म्हणाल्या. त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की काकांना त्यावर चिडताही येईना.

"दोन दिवस झालेत," काका म्हणाले. "उद्याचा एकच राहिलाय. आता सोडलं तर परत पहिल्यापासून."

"पहिल्यापासून कशाला? सोडायचं म्हणजे सोडायचं."

काकूंचं म्हणणं काकांना पटलं नव्हतं असं नाही. पण अर्धवट मोजणी त्यांनी नोकरीत कधी ठेवली नव्हती. एकदा तापाने फणफणलेले असताना त्यांनी एका पिठाच्या गिरणीबाहेर तिसरा दिवस पुरा केला होता आणि मगच दवाखान्यात गेले होते. मोजू तर पूर्ण मोजू, मग देऊ नाहीतर फाडून टाकू, असा त्यांनी स्वतःशी हिशोब केला.

तिसऱ्या दिवशी काकूंनी दोन घास खाल्ले आणि नको म्हणाल्या. पावणेदोनला डोळे मिटले. दोन वाजून पाच मिनिटांनी हेलिकॉप्टर आलं, वारा पश्चिमेचा होता, त्यामुळे ते अगदी डोक्यावरून गेलं. दोन दहाला पाती थांबली. काकांनी दुसरं बटण दाबलं.

आज शांतता फार चांगली होती. कुत्रं गप्प होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. सुई खाली उतरली आणि तिथेच टेकून राहिली. असा सरळ आलेख दोन दिवसांत मिळाला नव्हता.

"अहो," काकू म्हणाल्या.

सुई हलली. काकांनी मागे न बघता डावा हात वर केला. थांब, असा. एकतीस वर्षांत त्यांनी हा हात शेकडो वेळा वर केला होता, कुतूहलाने जवळ येणाऱ्या माणसांना, प्रश्न विचारणाऱ्या गिरणीवाल्यांना. हात आपोआप वर गेला. काकूंना तो दिसत होता.

"अहो," काकू पुन्हा म्हणाल्या. या वेळी हळू.

काकांनी हात वरच ठेवला. सहा मिनिटं तर उरली होती.

दोन वीसला त्यांनी बटण बंद केलं आणि वळले. "हं, काय म्हणत होतीस?"

काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. डोळे मिटलेले. उशा होत्या त्याच, पण मान जरा खाली आलेली, आडवं झोपल्यासारखी. काकांना बरं वाटलं. लागली एकदाची. चवड्यांवर चालत ते बाहेर आले, दार लोटलं आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून आकडे उतरवले. पावणेतीनला हेलिकॉप्टर पुन्हा उडालं. भांडी किणकिणली. काकांनी कान देऊन ऐकलं, आतून काहीच हालचाल नाही. आज नाही उठली! त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी हात चोळले. मग लक्षात आलं की हे तक्रारीच्या विरुद्ध जातं. पण नोंद ती नोंद. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'आज उड्डाणाच्या वेळी रुग्णाची झोपमोड झाली नाही.'

चार वाजता दोन कप चहा करून ते खोलीत गेले.

डॉक्टर म्हणाले, अडीचच्या आत गेल्या असाव्यात. झोपेत. त्रास झाला नसणार. हे वाक्य पुढे सगळ्यांनी उचललं. जो आला तो म्हणाला, झोपेत गेल्या, पुण्यवान. काका सगळ्यांना हो म्हणत राहिले. त्यांना रडू येत नव्हतं. काही येतच नव्हतं. आलेल्यांना शेजारून आणलेल्या खुर्च्या देत होते, मीटरची पेटी कुणाच्या पायात येऊ नये म्हणून कपाटावर ठेवत होते. मुलगी आली, गळ्यात पडून रडली, तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि थोपटताना मनात आकडे मोजले.

"शेवटी काही बोलली का हो बाबा?" मुलीने विचारलं.

"नाही," काका म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चुकीची नोंद दिली होती.

हवाईसाहेबही येऊन गेले. पायी आले. काकांच्या समोर हात जोडून उभे राहिले. "मला खरंच कल्पना नव्हती. कुणी नुसतं सांगितलं असतं तरी मी वेळ बदलली असती. आई बाराला जेवली काय आणि दोनला जेवली काय."

"हो," काका म्हणाले. "सांगायला हवं होतं."

आठ दिवस हेलिकॉप्टर आलं नाही. मग पुन्हा यायला लागलं. मुलगी निघताना म्हणाली, माझ्याकडे चला. काका म्हणाले, बघू. अर्ज काकांनी मागे घेतला नव्हता, आकडेही फाडले नव्हते. घर आवरताना मुलीनेच मीटर आणि कागद ऑफिसात पोचते केले होते. गल्लीतले लोक मधूनच विचारत, काका, आपल्या तक्रारीचं कुठवर आलं? एके दिवशी पत्र आलं, छाननीसाठी उपस्थित राहावे.

मॅडमनी काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं. काकूंबद्दल जे बोलायचं ते आधीच बोलून झालं होतं, म्हणून त्यांनी थेट कागद काढले. मीटरमधून निघालेले तीन दिवसांचे आलेख एकाखाली एक मांडले.

"पहिले दोन्ही दिवस स्वच्छ आहेत सर. तिसऱ्या दिवशी आवाज सगळ्यात जास्त. सरळ मर्यादेच्या बाहेर. ही तक्रार शंभर टक्के टिकणार. दुपारी बारा ते चार उड्डाणबंदी मिळेल, निदान मार्ग तरी बदलावा लागेल त्यांना." मॅडमनी पेन्सिलीचं टोक तिसऱ्या कागदावर टेकवलं. "फक्त इथे, शांततेत, हे दोन उंचवटे आलेत. दोन वाजून तेरा मिनिटं. आणि हा जरासा पुढे. कुणी बोललं का?"

"हो."

"मग काही प्रश्न नाही. समोर समासात 'इतर आवाज, वगळला' असं लिहा, खाली सही करा. मी तेवढा भाग काढून सरासरी लावते."

काकांनी चष्मा पुसला आणि कागद जवळ ओढला. रेघ सरळ आली होती. मग एक उंचवटा. मग पुन्हा सरळ. मग दुसरा, पहिल्याहून लहान. खालच्या पट्टीवर सेकंदांच्या खुणा होत्या. त्यांनी सवयीने मोजल्या. पहिल्या हाकेनंतर काकू बेचाळीस सेकंद थांबल्या होत्या. त्या दिवशी गॅलरीत त्यांना वाटलं होतं की दोन्ही हाका लागोपाठच आल्या. बेचाळीस सेकंद ती त्यांच्या वर केलेल्या हाताकडे बघत होती, आणि मग तिने आवाज कमी करून पुन्हा विचारून पाहिलं होतं. मोजणीला धक्का लागू नये म्हणून कमी करून. दुसऱ्या उंचवट्यानंतर रेघ शेवटपर्यंत सरळ गेली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी दुखलं आणि त्यांनी टेबलाची कड धरली.

"सर? पाणी देऊ?"

"नको. वगळलं नाही तर काय होतं?"

मॅडमना वाटलं सर परीक्षा घेत आहेत. "तर शांतता दूषित धरायची. तिसरा दिवस बाद. तीन दिवस सलग नाहीत म्हणून तक्रार अमान्य, आणि त्याच कारणासाठी वर्षभर नवा अर्ज नाही. पण वगळायचंच ना सर. तुम्ही नेहमी म्हणायचात, माणसाचा आवाज आधी काढायचा."

काका म्हणायचे खरे. एकतीस वर्षांत त्यांनी किती माणसं अशी समासात वगळली असतील. त्यांनी कधी विचारलं नव्हतं की कोण बोललं, काय म्हणत होतं.

"पेन दे," काका म्हणाले.

मॅडमनी पेन दिलं. काकांनी समासात, दोन उंचवट्यांच्या समोर, सुवाच्य अक्षरात लिहिलं. घाई न करता, जशी त्यांची प्रत्येक नोंद असायची तशी. 'दोन वाजून तेरा मिनिटं. माझी पत्नी. तिने मला दोनदा हाक मारली. मी गेलो नाही.' खाली सही केली, तारीख घातली आणि कागद परत सरकवला.

मॅडमनी वाचलं.

"सर, असं लिहिलं तर तक्रार टिकणार नाही," त्या म्हणाल्या. "गल्लीतले सगळे..."

"त्यांना मी सांगेन. नोंद बरोबर आहे."

"मी दुसरा कागद देते. कुणाला कळणारही नाही."

"मॅडम," काका म्हणाले, खोलीत दुसरं कुणी नसतानाही, "शिक्का मारा."

मॅडमनी 'अमान्य'चा शिक्का उचलला, शाईत टेकवला, आणि दोन्ही हातांनी धरून कागदावर हळूच दाबला, जराही आवाज होऊ न देता.